आठ रात्री आणि एक फडताळ: ताईच्या फोनची बॅटरी गावातच का उतरत होती

माझी मोठी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तोरण्याच्या मागच्या अंगाला एका खोऱ्यात, दोन शिक्षकी शाळा. फोन तिच्यासाठी हौसेची गोष्ट नाही, पोरांची हजेरी त्यावर, पोषण आहाराची माहिती त्यावर, केंद्रप्रमुखांचे मेसेज त्यावर, आणि पावसाळ्यात लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही तेव्हा फोन चालू असणं म्हणजे दवाखान्याची गाडी बोलावता येणं. असा फोन सकाळी सातला १०० टक्के करून निघाली की दुपारी खिचडीच्या वेळेला ३० वर, आणि रात्री ८० वर ठेवला तर सकाळी पन्नासच्या खाली. हे तिने वर्षभर सहन केलं.

त्या वर्षभरात तिने लोक सांगतील ते सगळं करून पाहिलं. ब्राइटनेस कमी, डार्क मोड चालू, दर तासाला सगळी ॲप्स वर ढकलून बंद, एक बॅटरी वाचवायचं ॲपसुद्धा टाकलं. शेवटी तालुक्याच्या पुढे जाऊन एका दुकानात १४०० रुपये देऊन बॅटरी बदलून घेतली, आणि काहीही फरक पडला नाही. डार्क मोडचं इथेच सांगून टाकतो कारण हे सगळ्यांना सांगितलं जातं: तो फायदा ओलेड स्क्रीनवर मिळतो, तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. ताईचा फोन साधा एलसीडी, त्यात मागचा दिवा काळ्या स्क्रीनलाही तेवढाच जळतो, वर ब्राइटनेस जास्त असेल तरच ओलेडवरही फरक नजरेत भरतो. आणि मुळात ताईचं चार्जिंग रात्री उतरत होतं, स्क्रीन बंद असताना.

मी पुण्यात ॲप टेस्टिंगचं काम करतो, बॅटरीचे रिपोर्ट वाचणं हा माझ्या कामाचाच भाग. दिवाळीला ताई माझ्याकडे आली तेव्हा मी फोन घेतला, रात्री दहाला १००, सकाळी सहाला ९५. आठ तासात ५ टक्के, एकदम शहाणा फोन. ताई म्हणाली, "तुझ्याकडे आला की नीट वागतो रे, गावात गेला की परत तेच." मी तेव्हा तिला म्हणालो की नवीन बॅटरी आता सेट झाली असेल. हे मी चुकीचं बोललो आणि त्यामुळे तिचे अजून तीन महिने गेले. जिथे दुखतं तिथे न तपासता मी दुसरीकडेच तपासलं होतं.

मग २०२५ च्या जानेवारीत रजा टाकून, २३ तारखेला गुरुवारी, लॅपटॉप, केबल आणि एक यूएसबी मीटर घेऊन गावाला गेलो. यूएसबी मीटर म्हणजे चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायची अंगठ्याएवढी डबी, किती व्होल्ट, किती अँपिअर, एकूण किती वॉट-तास, म्हणजे एकूण किती वीज, गेले ते दाखवते. पाचसातशे रुपयात मिळते आणि फोनच्या आतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मला तिचा भरवसा जास्त वाटतो.

पहिलं काम बॅटरी खरी किती आहे ते बघणं, कारण टक्का हा आकडा तसा फसवा. फोनमध्ये एक चिप असते, ती बॅटरीत गेलेला आणि बाहेर पडलेला करंट मोजत राहते, जोडीला व्होल्टेज बघते आणि त्यावरून अंदाज बांधून टक्के दाखवते. बॅटरी लहान असली तरी ती भरल्यावर १०० च दिसणार. फोनच्या खोक्यावर ५००० एमएएच लिहिलेलं, एमएएच म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप. लिथियम आयनचा सरासरी व्होल्टेज ३.८५ धरला तर ते होतात १९.२५ वॉट-तास. फोन पूर्ण रिकामा करून, बंद ठेवून, मीटरमधून १०० पर्यंत चार्ज केला तर मीटरवर आले साधारण १९ वॉट-तास. चार्जिंगमध्ये उष्णतेत वगैरे जातं ते वजा करून, मी ८५ टक्के आत पोचतात असं धरतो, बॅटरीत गेले १६ च्या आसपास, म्हणजे ४२०० एमएएच. अँड्रॉइडच्या आतल्या रिपोर्टमध्ये 'लास्ट लर्न्ड कपॅसिटी' म्हणून एक ओळ असते, फोनने स्वतः चार्जिंगवरून शिकलेली क्षमता, तिथे होतं ४२३०. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकच उत्तर आलं. (मीटरवर एमएएच नका वाचू, वॉट-तासच वाचा, फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्टेज ५ चा ९ होतो आणि मग एमएएचचा हिशोब पार गंडतो.)

म्हणजे १४०० रुपये देऊन बसवलेली बॅटरी छापलेल्यापेक्षा सहावा हिस्सा कमी निघाली. ताईला वाईट वाटलं, मलाही. पण त्याने एका रात्रीत ३० टक्के का जातात याचं उत्तर मिळत नाही. टाकी थोडी लहान आहे एवढंच कळलं, गळती कुठे आहे ते अजून शोधायचंच होतं.

रात्रीचं मोजमाप असं ठरवलं: जेवणं झाली की फोन पूर्ण चार्ज करून काढायचा, १० वाजता टक्के वहीत लिहायचे, फोन नेहमीच्या जागी ठेवायचा, सकाळी ६ पर्यंत हात लावायचा नाही. नेहमीची जागा म्हणजे आतल्या खोलीतलं भिंतीतलं फडताळ, दगडी भिंत दीड हात जाडीची. सकाळी आधी लॅपटॉपला लावून रिपोर्ट काढायचा, मगच चार्जिंगला. रात्रभर लॅपटॉपला जोडून ठेवायचं नाही कारण केबल लागली की फोन चार्ज व्हायला लागतो आणि मोजण्यासारखं काही उरतच नाही, नवीन मुलं कामावर येतात तेव्हा हमखास हीच चूक करतात.

पहिली रात्र, काहीही न बदलता: १०० वरून ६९. गेले ३१ टक्के. ४२०० च्या हिशोबाने १३०० एमएएच, आठ तासात, म्हणजे सरासरी १६३ मिलिअँपिअर. पुण्यातल्या रात्रीचा तोच हिशोब २६ मिलिअँपिअर येतो. झोपलेला फोन सहापट खातोय.

दुसऱ्या रात्री फक्त एअरप्लेन मोड लावला. सकाळी ९८. दोन टक्के, दहा मिलिअँपिअर. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची रात्र हीच, आणि हिला ना लॅपटॉप लागतो ना मीटर, कुणालाही घरी करता येते. त्याच जागी, त्याच बॅटरीवर, तीच सगळी ॲप्स आत असताना रेडिओ, म्हणजे फोनचा टॉवरशी बोलणारा भाग, बंद केला आणि गळती थांबली. म्हणजे बॅटरी आपोआप उतरत नाही, बोर्ड खराब नाही, फोन बदलायची गरज नाही. जे काही आहे ते नेटवर्कच्या बाजूने आहे. ही एक रात्र आधी काढली असती तर दुकानात जावंच लागलं नसतं.

तिसऱ्या रात्री परत सगळं पहिल्यासारखं केलं, आकडा तोच येतो का बघायला. आला २७. चार टक्क्यांचा फरक, आणि मी सकाळभर डोकं खाजवत बसलो, मग दाजी म्हणाले की रात्री त्यांनी टॉर्चसाठी फोन घेतला होता आणि परत ठेवताना फडताळात न ठेवता खिडकीत ठेवला. दाजींना म्हटलं, "तुम्ही माझं मोठंच काम केलंत." सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नल किती डीबीएम आहे ते दिसतं, हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणेच्या पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा सिग्नल दुबळा, तर फडताळात होते उणे ११८ आणि खिडकीत उणे १०९, बाहेर ओटीवर उणे १०६. डीबीएमचं गणित असं की ३ चा फरक म्हणजे दुप्पट, १० चा म्हणजे दहापट. फडताळ ते खिडकी एवढ्या आठ पावलांत सिग्नलची ताकद जवळपास आठपट बदलते. आणि फोन टॉवरला उत्तर देताना जेवढा टॉवर दुबळा ऐकू येतो तेवढ्या मोठ्याने ओरडतो. साध्या ४जी फोनची कमाल ताकद २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट हवेत, पण तेवढे हवेत सोडायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट खेचावे लागतात कारण आतला ॲम्प्लिफायर बरंच काही उष्णतेत घालवतो. वर दुबळ्या सिग्नलवर डेटा हळू जातो, म्हणजे तोच फोटो पाठवायला ओरडणंही मोठं आणि जास्त वेळ.

चौथी रात्र २६ जानेवारीची, फोन परत फडताळात, ३२ टक्के गेले. आता आकड्यावर भरवसा बसला, जागा तीच असेल तर एक टक्का इकडेतिकडे. एकाच रात्रीवर विसंबून निष्कर्ष काढायचा नाही हे कामावर रोज बोलतो, इथे ते दाजींनी शिकवलं.

त्या सकाळचा रिपोर्ट मी ओटीवर बसून उलगडला. सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर ताईला रोज 'मोबाइल नेटवर्क' एवढंच वर दिसायचं, त्यावर ती करणार काय? त्या पानाबद्दल एक माहीत असलं पाहिजे, तिथले बहुतेक आकडे मोजलेले नसतात, मांडलेले असतात. फोन बनवणारी कंपनी एक तक्ता भरते, स्क्रीन एवढा करंट घेते, वायफाय एवढा, प्रोसेसर या वेगाला एवढा, आणि अँड्रॉइड कोण किती वेळ चालू होतं ते बघून गुणाकार करतं. तक्ता ढोबळ भरला असेल तर उत्तरही ढोबळ. आतल्या रिपोर्टमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, एक हिशोबाने आलेला आणि एक बॅटरीतून प्रत्यक्ष गेलेला. ताईच्या फोनवर हिशोबाचे होते ५६० एमएएच आणि प्रत्यक्षातले १३०० च्या वर. अर्ध्याहून जास्त खर्च कुणाच्याच नावावर नाही! हे दोन आकडे एवढे लांब असले की मी ॲप्सच्या यादीकडे बघायचं सोडून देतो आणि वेळेच्या ओळी वाचतो, कारण करंट अंदाजाने लावलेला असला तरी वेळ खरी मोजलेली असते.

आणि वेळेच्या ओळींनी सगळं सांगितलं. आठ तासांपैकी मोबाइल रेडिओ चालू ५ तास ४० मिनिटं. सिग्नल 'पुअर' जवळजवळ पूर्ण रात्र. सिग्नल शोधण्यात गेलेला वेळ, स्कॅनिंगचा, दोन तासांच्या वर. आणि एका ॲपने मोबाइल डेटावर रात्रीत पाठवलेले २१२ एमबी. रात्री, सगळे झोपलेले असताना.

ॲप फोटो बॅकअपचं, नाव घेत नाही. उघडून पाहिलं तर रांगेत १,१०० च्या वर फोटो व्हिडिओ पडलेले, आणि सगळ्यात जुना राहिलेला फोटो दिवाळीनंतरच्या आठवड्यातला. तेव्हा माझ्या डोक्यात पुण्याची रात्र लख्ख झाली. माझ्या घरी वायफाय होतं, ॲपने दोन तासात सगळी रांग संपवली आणि गप्प झोपलं, म्हणून फोन शहाणा दिसला. गावात शाळेचे रोजचे फोटो, खिचडीचे, वृक्षारोपणाचे, २६ तारखेला तर झेंडावंदन आणि पोरांच्या नाचाचे दीडशे फोटो आणि व्हिडिओ. एक काडी सिग्नल असतो, त्यामुळे ॲपला वाटतं नेट आहे, ते फोटो चढवायला घेतं, अर्ध्यात वेळ संपते, तुटतं, आणि परत पहिल्या बाइटपासून सुरू. २१२ एमबी पाठवून रांगेतून कमी झाले फक्त तीन फोटो. मी आकडा दोनदा मोजला.

अँड्रॉइडमध्ये याच्यावर उपाय आहेत हो. २०१५ च्या मार्शमेलोपासून डोझ आहे, फोन स्थिर पडून असला आणि स्क्रीन बंद असली की ॲप्सचं नेट अडवतो आणि मधूनमधून थोड्याच वेळापुरतं सोडतो, रात्र वाढेल तशी अशा दोन वेळांमधली अंतरं वाढवत नेतो. आणि फसलेलं काम पुन्हा करायचं असेल तर सिस्टिमचा नेहमीचा नियम आधी ३० सेकंद थांबायचा, मग दुप्पट, मग दुप्पट, जास्तीत जास्त ५ तासांपर्यंत. सरळ बनवलेलं ॲप या खोऱ्यात रात्रीतून मोजक्या वेळा प्रयत्न करून थांबलं असतं. पण या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड', म्हणजे कसलंही बंधन नाही, असं केलेलं होतं, ॲप टाकताना त्याने स्वतःच मागितलं होतं आणि ताईने "फोटो हरवू नयेत" म्हणून हो केलं होतं. मग ते सिस्टिमच्या रांगेत न बसता स्वतःचं घड्याळ लावून मिनिटाच्या आतच परत परत जागं होत होतं. रिपोर्ट गूगलच्या बॅटरी हिस्टोरियनमध्ये, म्हणजे तो चित्रात दाखवणाऱ्या साधनात, टाकला की रात्रीचा पट्टा दिसतो, त्यात रेडिओची ओळ फणीच्या दातांसारखी, आणि दात इतके जवळ की मधे फट दिसेना. ती फट का दिसत नाही हेही महत्त्वाचं, डेटा जाऊन संपला तरी ४जीचा रेडिओ लगेच झोपत नाही, टॉवरच्या सेटिंगप्रमाणे साधारण दहा सेकंद जागाच राहतो, अजून काही येईल म्हणून. म्हणजे दोन सेकंदाच्या कामाला बारा सेकंदाचं बिल, आणि मिनिटाला असं एकदा जरी झालं तरी रात्रीचा पाचवा हिस्सा त्यातच गेला.

स्कॅनिंगचे दोन तास मात्र या ॲपच्या डोक्यावर टाकता येईनात. ते दुसऱ्या सिमचे. ताईच्या फोनमध्ये दोन सिम, एक अशा कंपनीचं जिचा टॉवर खोऱ्याच्या तोंडाशी आहे आणि दुसरं अशा कंपनीचं जिचा टॉवर डोंगरापलीकडे. ते दुसरं सिम गावात कायम शून्य, आणि शून्य असलेलं सिम गप्प बसत नाही, मोडेम, म्हणजे नेटवर्क सांभाळणारी चिप, थोड्या थोड्या वेळाने सगळे बँड, म्हणजे टॉवर ज्या ज्या लहरींवर बोलतात ते पट्टे, चाळत राहतो, टॉवर सापडतोय का. ताईला ते काढायचं नव्हतं कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

२७ ला मला निघायचं होतं. पुढच्या रात्री ताईने स्वतः केल्या, हजेरीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखून, तारीख, जागा, दहाचा आकडा, सहाचा आकडा, काय बदललं. मी एवढंच सांगितलं होतं की एका रात्री एकच गोष्ट बदलायची. पाचवी रात्र दुसरं सिम सेटिंगमधून बंद, ॲप तसंच: २४ टक्के. सहावी रात्र सिम परत चालू, ॲपला 'रिस्ट्रिक्टेड' आणि अपलोड फक्त वायफायवर: १६. सातवी, दोन्ही: ८. आठवी, परत दोन्ही: ९. ३१ चे ८. मिलिअँपिअरमध्ये १६३ चे ४२.

यातून दोघांचा वाटा वेगळा दिसतो, सिमने साधारण सात, ॲपने साधारण पंधरा. ताईने एकाच रात्री दोन्ही बंद केले असते तर फरक तोच दिसला असता पण कुणामुळे ते कळलं नसतं, आणि मग ओटीपीचं सिम चालू ठेवायची किंमत किती हेही सांगता आलं नसतं. आता ती किंमत आकड्यात होती, रात्रीला सात टक्के, त्यामुळे निर्णय सोपा झाला. तिने १९०० ला पोर्टचा मेसेज टाकून बँकेचा नंबर खोऱ्यात चालणाऱ्या कंपनीकडे नेला, नंबर तोच राहिला, आणि फोन फडताळातून खिडकीतल्या खुंटीवर आला, त्यासाठी तिने जुन्या साडीची पिशवी शिवली.

ॲपवाल्यांना मी सगळा रिपोर्ट पाठवला, फणीच्या पट्ट्याच्या चित्रासकट, आणि लिहिलं की कृपा करून एकदा उणे ११८ डीबीएमवर टेस्ट करा, ऑफिसच्या वायफायवर हे कधीच दिसणार नाही. आम्हीही आमच्या ऑफिसात तेच करायचो, पाचव्या मजल्यावर पूर्ण सिग्नलमध्ये फोन मांडून बॅटरी पास म्हणून शिक्का मारायचो. गावाहून आल्यावर मी आमच्या टेस्टच्या यादीत दुबळ्या सिग्नलची एक पूर्ण रात्र घालून घेतली, त्यासाठी भांडावं लागलं पण झाली. ॲपवाल्यांकडून उत्तर आलेलं नाही.

पुण्यातले ५ आणि गावातले ८, हा तीन टक्क्यांचा फरक राहणार, तो डोंगराचा आहे. आणखी एक फायदा झाला जो मी मोजायला गेलोच नव्हतो: ताईचा रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारीच संपायचा आणि ती समजायची पोरांना कवितांचे व्हिडिओ दाखवल्यामुळे संपतो, म्हणून तिने व्हिडिओ दाखवणं कमी केलं होतं. आता परत दाखवते. बॅकअप महिन्यातून एकदा, माझ्याकडे आली की. मागच्या आठवड्यात शाळा सुटताना पाच वाजता तिने स्क्रीनचा फोटो पाठवला, ५८ टक्के, आणि खाली लिहिलं की दुसऱ्या गुरुजींचा फोनही तसाच उतरतो, आज रात्री तो एअरप्लेन मोडवर आपल्या फडताळात ठेवलाय, सकाळी सहाला आकडा कळवते.